ऐंशी तुमचे, वीस पिशवीचे

त्या वर्षी थंडी उशिरा पडली, त्यामुळे बागेतली संत्री सगळी एकदम पिकली. आणि त्याच आठवड्यात शिडीकाकूच्या सदऱ्याचं दुसरं बटण तुटलं. पहिलं महिन्यापूर्वीच गेलं होतं. ते तिने झाडाच्या काट्याच्या नावावर टाकलं होतं. दुसऱ्याला सबब सापडेना. ते घरात, चहा पिताना, आसपास एकही काटा नसताना उडालं आणि समोर बसलेल्या नवऱ्याच्या कपात पडलं.

नवरा पंप दुरुस्त करायचा. कशातून काय निखळलं की ते पुसून मालकाच्या हातावर ठेवायची त्याला सवय होती. त्याने चमच्याने बटण बाहेर काढलं, पुसलं, तिच्यासमोर ठेवलं आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

"बोल की काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू? दोरा जुना झाला असेल."

"सदरा ह्याच वर्षी शिवलाय."

"मग नवा असेल. नवा दोरा कच्चा असतो."

नवरा एवढा समजूतदार असला की बाईला भांडायची सोय राहत नाही. तिने पिन लावली, वरून पंचा बांधला आणि कामाला निघाली.

बागेत तोडणी जोडीने चालायची. वरची बाई गळ्यात पिशवी अडकवून शिडीवर चढायची आणि कात्रीने प्रत्येक फळाचा देठ दोनदा कापायची. एकदा फांदीपासून, मग पुन्हा फळालगत, म्हणजे उरलेला देठ शेजारच्या फळाला टोचत नाही. खालची बाई शिडी धरायची, हाताला लागतील ती फळं तोडायची, आणि वरची उतरली की तिची पिशवी क्रेटमध्ये रिकामी करायची. काम दोघींचं सारखंच. मान मात्र सारखा नव्हता. मुकादमाशी बोलायचं ते वरचीने. पाणी प्यायला कधी थांबायचं ते वरचीने ठरवायचं. आणि कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण सगळ्या पाळायच्या असा एक नियम होता: वरची एकदा खाली आली की पुन्हा वर जात नाही.

शिडीकाकू बावीस वर्षं वर होती. तिचं खरं नाव मजुरांच्या यादीत असेल तेवढंच. मुकादमापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळे तिला शिडीकाकूच म्हणायचे, आणि तिलाही ते आवडायचं. तिची खालची म्हणजे तिची मोठी नणंद. तिला ती वन्सं म्हणायची. वन्संही एके काळी वर होत्या. नऊ वर्षांपूर्वी गुडघा धरला म्हणून खाली आल्या, त्या खालीच राहिल्या.

पाळी जाऊन शिडीकाकूला सात महिने झाले होते. जाताना ती एकटी गेली नाही, झोप घेऊन गेली. रात्री दोनच्या सुमाराला छातीपासून कानापर्यंत आतून कुणी शेगडी पेटवल्यासारखं व्हायचं. ती पांघरूण फेकायची, खिडकी उघडायची, उशी उलटी करायची. दहा मिनिटांत घाम गार पडला की पुन्हा पांघरूण, पुन्हा खिडकी बंद. नवऱ्याने चार रात्री हे पाहिलं आणि पाचव्या रात्री कानटोपी घालूनच झोपला. "आपल्या खोलीत दोन ऋतू आहेत," तो म्हणाला, "मी माझ्या बाजूची तयारी ठेवतो."

झोप गेली आणि वजन आलं. जेवण तेच, कष्ट तेच, आणि कंबर मात्र कुणी रोज मूठभर भर घातल्यासारखी. पिशवीच्या पट्ट्याला पाच भोकं होती. बावीस वर्षं ती तिसऱ्यावर होती; ह्या हंगामात पाचव्यावर आली, आणि नंतर नवऱ्याने एका रविवारी खिळा तापवून सहावं पाडून दिलं.

तिने उपाय केला तो तिच्या स्वभावाप्रमाणे सरळ केला. रात्रीचं जेवणच बंद केलं. ताटावर बसायची, नवऱ्याला वाढायची, आणि स्वतः पाणी प्यायची.

"जेवत का नाहीस?"

"भूक नाही."

"आवाज येतोय पोटाचा."

"तो तुझ्या पंपाचा असेल."

आठ दिवस असे गेले. भूक आणि जाग अशा दोघी रात्रभर तिच्या उशाशी बसून राहायच्या. नवव्या दिवशी सकाळी, चौथ्या रांगेत, शिडीच्या सातव्या पायरीवर, पिशवी जवळजवळ भरलेली असताना समोरचं झाड हळूच डावीकडे सरकलं. झाडं सरकत नाहीत हे तिला माहीत होतं. पण हे तिच्या लक्षात येईपर्यंत तिचा पाय पायरीवरून सुटला होता. तिने फांदी धरली. काट्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत हात सोलून काढला. पिशवी कलंडली आणि वीस किलो संत्री वन्संच्या डोक्यावर, खांद्यांवर धबाधबा पडली.

वन्संनी शिडी सोडली नाही. मान खाली घालून, डोळे मिटून, सगळा मार खाल्ला आणि शेवटचं फळ पडून गेल्यावर वर न बघता विचारलं, "झाली का सगळी? की अजून आहेत?"

आजूबाजूच्या शिड्यांवरून बायका बघत होत्या. कुणी हसलं नाही. शिडीकाकूला तेच जास्त लागलं. पूर्वी कुणी घसरली की आधी हशा व्हायचा आणि मग विचारपूस. ह्या वेळी एकदम विचारपूसच सुरू झाली.

मुकादम धावत आला. पंधरा वर्षांपूर्वी तो ह्याच बागेत क्रेट उचलायला आला होता आणि देठ दोनदा का कापायचा ते त्याला शिडीकाकूनेच शिकवलं होतं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, कारण त्याने पळत जाऊन शेडमधून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि सगळ्यांच्या देखत झाडाखाली ठेवली.

"बसा काकू."

"कशाला?"

"जरा बसा तर. आणि मी काय म्हणतो, निवडीच्या टेबलावर माणूस हवंच आहे. सावली आहे, पंखा आहे. बसून काम."

"मी थकले असं कुणी सांगितलं तुला?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग खुर्ची उचल. वाटेत आहे."

खुर्ची उचलली गेली, पण ती सगळ्यांनी पाहिली होती. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत वरच राहिली, सोललेल्या हाताला पंचा गुंडाळून.

दोन दिवसांनी ट्रकमधून नव्या शिड्या उतरल्या. लाकडी सगळ्या बाद. आता पत्र्यासारख्या चकचकीत, हलक्या. फळ विकत घेणाऱ्या कंपनीला मजुरांच्या सुरक्षेचे कागद हवे होते, त्यासाठी मागवलेल्या. प्रत्येक शिडीच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती: एकूण भार शंभर किलोच्या वर नको.

मुकादमाने ती चिठ्ठी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली आणि मग घसा साफ केला. "शंभर म्हणजे बाई अधिक पिशवी. भरलेली पिशवी वीस किलो, एका पिशवीत एक क्रेट, हे आपलं ठरलेलंच आहे. म्हणजे उरले ऐंशी. ऐंशी तुमचे, वीस पिशवीचे. सोमवारी सकाळी सगळ्यांची वजनं घ्यायची आहेत. ऐंशीच्या वर जी असेल तिने खाली काम करायचं. शेडमध्ये पडदा लावतो, एकेकीने आत या, आकडा बाहेर कळणार नाही."

त्याने शिडीकाकूकडे पाहिलं नाही. इतकं जपून पाहिलं नाही की सगळ्या बायकांनी तिच्याकडेच पाहिलं.

चौथ्या रांगेच्या शेजारची पाचवी रांग काडीकडे होती. काडी म्हणजे पंचविशीची, नावाप्रमाणे अंगकाठीची, हात चलाख. शिडीकाकू खाली आली तर चौथीही काडीकडेच जाणार हे उघड होतं. संध्याकाळी कात्र्या धुताना ती जवळ आली.

"काकू, मी मागितली नाहीये हं तुमची रांग."

"मागायला काय झालं? मीही एकदा मागितलीच होती."

"कुणाची?"

शिडीकाकू कात्री धूत राहिली. दोन हातांवर वन्सं बसून बूट झटकत होत्या.

शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. दुपारी ती दवाखान्यात गेली. हाताच्या जखमेसाठी, असं तिने घरी सांगितलं. तिथली नर्स तिच्याच वयाची, केसपेपरने वारा घेत बसलेली. तिने जखम धुतली, पट्टी बांधली, आणि मान वर न करता विचारलं, "झोप?"

"झोपेचं काय?"

"डोळ्यांखाली दिसतंय ते. पाळी कधी गेली?"

शिडीकाकूने सगळं सांगितलं. शेगडी, खिडकी, कंबर, उपास. उपासाला नर्सने केसपेपर टेबलावर आपटला.

"वीस किलो गळ्यात घालून शिडी चढता, आणि उपाशी? पडला नाहीत हेच नवल. ऐका. रात्री जेवायचं, पण लवकर, अंधार पडायच्या आत, आणि डाळ, अंडं, काय असेल ते पोटभर. भाताचा डोंगर नको. चार वाजल्यानंतर चहा बंद."

"चारनंतरच तर खरा चहा असतो."

"तो सकाळी प्या. पातळ सुती पांघरूण घ्या. जाग आली तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून बसा, डोळे जड झाले की आडवं व्हा. आणि कपडे एक माप मोठे शिवा, आधी तेच करा. पिन लावून काम करताय, घुसेल कुठेतरी. ह्याने भागलं नाही तर गुरुवारी डॉक्टरीणबाई येतात. त्यावर औषधं आहेत, त्या बघून देतील."

"ह्याने वजन उतरेल?"

"थोडं. महिन्या-दोन महिन्यांनी."

"सोमवारी काटा आहे."

"मग सोमवारपर्यंत काही उतरत नाही, बाई. खोटं कशाला सांगू?" नर्सने पुन्हा केसपेपर हलवायला घेतला. तिचा चेहरा एकाएकी लालबुंद झाला होता, कानाच्या पाळ्यांसकट. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तुम्हालाही?"

"काल दोनला उठून सगळं कपाट आवरलं. नवरा म्हणाला चोर आलाय."

शिडीकाकू हसली. बऱ्याच दिवसांनी, आवाज करून हसली. परत येताना शिंप्याकडे थांबली आणि एक माप मोठा सदरा रविवारपर्यंत शिवायला टाकून आली. शिंप्याने जुनी वही काढून जुनं माप वाचायला घेतलं, तेव्हा म्हणाली, "ती वही ठेव. फीत घे आणि आत्ताचं माप लिही."

रविवारी दुपारी वन्सं सुई घेऊन आल्या. पट्टीच्या खाली, मनगटाजवळ दोन काटे अजून आत होते. दोघी पायरीवर उन्हात बसल्या. वन्संनी तिचा हात मांडीवर घेतला आणि सुईचं टोक बघून घेतलं.

"उद्याचं काय ठरवलंस?"

"काय ठरवायचं? काटा ठरवेल."

"पोट बिघडलं म्हणून सांग. दोन दिवस जाऊ नकोस. तोवर तोडणी अर्धी होईल, त्याला माणसं कमी पडतील, मग कोण बघतंय वजन."

"मी पोट बिघडलं म्हणून सांगू?"

"मी गुडघा सांगितला." वन्संनी काटा वर काढला, नखावर घेऊन बघितला, पुसला. "माझा गुडघा ठणठणीत आहे. तेव्हाही होता."

शिडीकाकूने हात ओढला. वन्संनी तो पुन्हा मांडीवर घेतला. "हलू नकोस, अजून एक आहे. मलाही हेच झालं होतं. झोप नाही, अंग असं. शिडी माझ्याखाली करकरायला लागली. लाकूड कधीही करकरतं, पण मला वाटायचं सगळी बाग थांबून ऐकतेय. गुडघा म्हटलं की कुणी काही विचारत नाही. लाडाने तेल आणून देतात."

"मला तरी सांगायचं होतंत, वन्सं."

"तुला काय सांगू? तू तेव्हा ओंडक्यासारखी झोपायचीस. आणि माझी रांग तूच मागितली होतीस."

सुई आत गेली, बाहेर आली.

"खाली आले तेव्हा वाटलं, सुटले," वन्सं म्हणाल्या. "कसली सुटतेय. नऊ वर्षं तुझ्या बुटांचे तळवे बघतेय."

सोमवारी सकाळी शिडीकाकू जेवून आली. घरात सगळ्यांच्या आधी उठून तिने दोन अंडी खाल्ली, चहा घेतला, आणि नवा सदरा घातला. नवऱ्याने सायकलवरून बागेच्या फाटकापर्यंत सोडलं. चढावर तो धापा टाकत होता.

"उतरू का?" तिने विचारलं.

"बस गं. कॅरिअर मजबूत आहे," तो म्हणाला, आणि फाटकाशी पोचल्यावर, श्वास जमला तेव्हा म्हणाला, "खाली काम केलंस तरी मला चालेल, एवढंच सांगायचं होतं."

"मला चालणार नाही."

"तेही माहीत आहे," म्हणून तो सायकल वळवून गेला.

शेडमध्ये मुकादमाने खरोखरच पडदा लावला होता. बारदानाची दोन पोती दोरीला शिवून. मागे क्रेटचा मोठा काटा. शिडीकाकूने पोती बाजूला सारली आणि दोरीच सोडली.

"काकू, अहो, बाकीच्यांना लाज वाटेल."

"बाकीच्यांचं मी सांगत नाही. माझं वजन उजेडात घे. पहिला नंबर माझा, आणि आकडा मोठ्याने वाच."

बायका शेडच्या तोंडाशी जमल्या. आता ह्या काट्याची एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वीचा मुकादम रिकाम्या क्रेटचं वजन वाढवून धरायचा आणि तेवढी फळं बायकांच्या नावावर कमी पडायची. ते शिडीकाकूने पकडलं होतं. भरलेला क्रेट नुसता उचलून तिने आकडा सांगितला होता आणि तो खरा निघाला होता. तेव्हापासून तिच्याच हट्टाने पद्धत पडली: रोज सकाळी सगळ्यांच्या देखत एक रिकामा क्रेट काट्यावर ठेवायचा, शून्याचं बटण दाबायचं, मग काम सुरू. म्हणजे काटा क्रेट विसरतो आणि फक्त फळं मोजतो. त्या सोमवारीही मुकादमाने सवयीने तेच केलं. क्रेट ठेवला, बटण दाबलं, क्रेट उचलला, आणि म्हणाला, "या."

चढायच्या आधी शिडीकाकूने काट्याच्या काचेकडे पाहिलं. तिथे वजा एक पूर्णांक सहा होते. वन्सं सोडल्या तर बाकी कुणी पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे तिच्या कमरेवर होते.

ती बुटांसकट, खिशात कात्री ठेवून चढली. आकडे पळाले, थांबले.

"एकोणऐंशी पूर्णांक दोन!" मुकादम वाचताना जवळजवळ ओरडलाच. त्याच्या कपाळावरची शीर सैल पडली. "बसलात काकू! ऐंशीच्या आत! अहो, मी उगाच काल झोपलो नाही."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. काडीने सगळ्यांत आधी. शिडीकाकू काट्यावरून उतरेना.

वन्सं जवळ उभ्या होत्या. नऊ वर्षं क्रेट त्याच काट्यावर चढवत होत्या, त्यांनाही वजाचा अर्थ कळला होता. त्यांनी भावजयीच्या दंडाला चिमटा काढला आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "गप्प उतर."

गप्प उतरणं सोपं होतं. आकडा काट्याने सांगितला होता, मुकादमाने वाचला होता, टाळ्या पडल्या होत्या. एक किलो सहाशे ग्रॅम कुणाच्या लक्षात येणार? पण उद्या सकाळी पुन्हा क्रेट ठेवला जाणार, पुन्हा बटण दाबलं जाणार, आणि ती समोर उभी राहून बघणार, की काटा बरोबर आहे ना. कुठल्या तोंडाने बघणार?

"मुकादम," ती म्हणाली, "तुझ्या काट्याने माझ्यातून क्रेट वजा केलाय."

"काय?"

"रिकामा क्रेट ठेवून शून्य केलंस. मी क्रेटमध्ये बसले नाहीये. एक सहा मिळव."

मुकादमाने काचेकडे पाहिलं, मग क्रेटकडे. बोटांवर मिळवलं. तोंडातून आकडा निघेना, तेव्हा तिनेच सांगितला. "ऐंशी पूर्णांक आठ. मोठ्याने म्हण. ठरलंय आपलं."

"ऐंशी पूर्णांक आठ," तो म्हणाला, मोठ्याने नाही.

वन्संनी कपाळाला हात लावला.

"काकू, का सांगितलंत?" मुकादम काकुळतीला आला. "आता मी काय करू? कागदावर सही माझी आहे. आठशे ग्रॅमसाठी..."

"चिठ्ठी वाच परत."

"कुठली?"

"शिडीवरची. ऐंशी कुठे लिहिलंय?"

"शंभर लिहिलंय. एकूण भार."

"मग ऐंशी तू काढलेस. शिडीला काय कळतंय त्यातली बाई किती आणि संत्री किती? माझे ऐंशी पूर्णांक आठ. मी एकोणीसची पिशवी भरून उतरेन. किती झाले?"

मुकादमाचे ओठ हलले. "नव्व्याण्णव पूर्णांक आठ."

"दोनशे ग्रॅम शिल्लक. वर जाताना चहा पिऊन जाईन."

कुणीतरी हसलं. मुकादम हसला नाही; त्याने दोन खरे मुद्दे काढले, आणि ते त्याने काढायलाच हवे होते. "एकोणीस झाले हे वर कसं कळणार? दर वेळी उतरून मोजणार? आणि क्रेट एक किलोने कमी भरेल त्याचं काय?"

दुसऱ्याचं उत्तर वन्संनी दिलं. "तो एक किलो माझा. खालच्या फांद्या काय शोभेला आहेत?"

पहिल्याचं उत्तर शिडीकाकूने तोंडाने दिलंच नाही. तिने पिशवी गळ्यात घातली, पट्टा सहाव्या भोकात अडकवला, आणि शनिवारच्या उरलेल्या क्रेटमधून दोन्ही हातांनी संत्री भरायला लागली. भरताना खाली बघत नव्हती. शेडच्या पत्र्याकडे बघत होती, मान किंचित कलती, जसं कुणी लांबचा आवाज ऐकतं. तेवढ्यात तिच्या गळ्यापासून लाली वर चढली. सगळ्यांना दिसली: गाल, कान, कपाळ, ओठावर घामाचे थेंब. भर सकाळी, गारठ्यात. ती थांबली. कुणी खुर्ची आणायला निघालं, तिने हात वर केला.

"काही नाही. पाळी गेल्यावरची गरमी आहे. येते आणि जाते," ती म्हणाली, क्रेटच्या संख्येएवढ्या साध्या आवाजात. वरचं बटण काढलं, उभी राहिली. मुकादम जमिनीकडे बघू लागला. बाकी तीस बायका तिच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी असं बघत होत्या की जणू आपलंच कुणी नाव घेतलं. लाली उतरली. तिने पंच्याने तोंड पुसलं, आणखी पाच फळं टाकली, एक काढून त्याच्याऐवजी लहान टाकलं, आणि पिशवी उतरवली.

"एकोणीस."

मुकादमाने पिशवी उचलली, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "आधी शून्य कर रे बाबा. नाहीतर हिच्यातूनही क्रेट काढशील."

शून्य केलं. पिशवी ठेवली. आकडे पळाले आणि थांबले: अठरा पूर्णांक नऊ.

मग काडी म्हणाली, "शंभर ग्रॅम चुकलं, काकू," आणि इतकी जोरात हसली की सगळ्याच हसल्या, आणि तो हशा जुना होता, विचारपुशीच्या आधीचा.

"मग चहाबरोबर बिस्किटही घेईन," शिडीकाकू म्हणाली. "लिही मुकादम. चौथी रांग, माझी."

मुकादमाने लिहिलं. सही करताना त्याचा हात थांबला नाही. मग त्याने पुढच्या बाईला हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारायची वेळ आली नाही.

घोळक्याच्या मागून एक बाई पुढे आली. सातव्या रांगेतली खालची. खाली आल्यापासून दोन वर्षं ती भर उन्हातही ढगळ कोट घालून कामाला यायची. उन्हाची ॲलर्जी आहे, असं सांगायची. तिने कोटाची बटणं एकेक करून सोडली, कोट काढला, नीट घडी घातली आणि काडीच्या हातात दिला. मग काट्याच्या काचेकडे बघून घेतलं, शून्य आहे ना, आणि चढली.

मुकादमाने आकडा वाचायच्या आत तिनेच वाचला, शेडबाहेर उभ्या असलेल्या ट्रकवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"ब्याऐंशी पूर्णांक एक. पिशवी साडेसतराची." आणि खाली उतरून तिने हात पुढे केला. "शिडी द्या इकडे."